कॅमेऱ्याने उष्टावलेली जास्वंद

कॅमेऱ्याने आधी बघितलेलं फूल देवाला चालत नाही, हा नियम कुठल्या पोथीत लिहिलाय ते मला आजवर सापडलेलं नाही. पण आमच्या नोएडाच्या घरात तो एक अख्खा हिवाळा पाळला गेला. काढला होता माझ्या सासूबाईंनी, अंगणाच्या दारात उभं राहून, शाल सावरत. आणि मला तो ऐकवला गेला तेव्हा मी गवतात पालथी पडले होते.

पालथी पडले होते म्हणजे कुणी पाडलं नव्हतं. फोटो काढत होते. आमचं घर सोसायटीत तळमजल्यावर आहे, त्यामुळे पुढे दोन सतरंज्यांएवढं का होईना, अंगण आहे. त्यात सासूबाईंच्या दुर्वा, सासूबाईंची लाल जास्वंद, सासूबाईंची तुळस. माझं त्यात काही म्हणजे काही नव्हतं. मग लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली, जाताना तिचा जुना कॅमेरा आणि अगदी जवळचं टिपणारी एक जाडजूड लेन्स माझ्या गळ्यात मारून गेली, आणि पंचावन्नाव्या वर्षी मला हे भलतंच वेड लागलं. दवाच्या थेंबात फूल पकडायचं.

ज्यांनी हा प्रकार बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी सकाळी गवताच्या पात्यापात्याला दवाचा थेंब लटकलेला असतो. त्याच्या मागे वीतभर अंतरावर एखादं फूल असलं की ते अख्खं फूल त्या थेंबात उतरतं. थेंब मुगाच्या दाण्यापेक्षा लहान, आणि त्यात पाकळ्या, पराग, देठ, सगळं जागच्या जागी. फक्त उलटं. थेंब म्हणजे भिंगच की, तो चित्र उलटंच दाखवणार. मग लेन्स थेंबाला लागेल-न लागेल इतकी जवळ न्यायची, श्वास रोखायचा आणि बटण दाबायचं. श्वास सोडलात, थेंब हलला. दूधवाल्याची मोटारसायकल गेली, हलला. कबूतर फडफडलं, गळून पडला. आणि मेला पडतो तोही कधी, तर सगळं जुळून आल्यावर. त्याआधी तासभर मजेत लोंबकळत असतो. त्यातून आमच्या इथली हवा! थेंबात एखादा काळा कण हटकून दिसणारच. फोटोतून तो पुसता येतो, पण मी पुसत नाही. दिल्लीचा थेंब आहे, दिल्लीचा दिसू दे.

एकदोघांनी सांगितलं की हे सगळं करायची गरजच नसते. फवारणीची बाटली घ्यायची, पाण्यात थोडं ग्लिसरीन घालायचं आणि हवे तेवढे थेंब हवे तिथे पाडायचे. दुपारपर्यंत हलत नाहीत म्हणे. मला ते पटलं नाही. खोटाच थेंब पाडायचा तर एवढ्या थंडीत रजई सोडून बाहेर यायचं कशाला? आत बसून नळाखाली काढीन की फोटो.

पहिल्याच आठवड्यात गेटवरचा गार्ड धावत आला होता. "मॅडमजी, गिर गए क्या? साहब को बुलाऊँ?"

"अरे नहीं भैया, फोटो ले रही हूँ।"

त्याने आजूबाजूला बघितलं. फोटो काढण्यासारखं त्याला काही दिसलं नाही. "अच्छा," म्हणाला, आणि पाठ न वळवता हळूहळू मागे सरकत गेला.

आता अडचण काय होती ती लक्षात घ्या. थेंब लागायचा दुर्वेच्या टोकाला, कारण दुर्वेचं टोक कसं, बारीक आणि ताठ. मागचं फूल जास्वंदीचं, कारण दुसरं लाल अंगणात नव्हतं. दुर्वा आणि जास्वंद, दोन्ही गणपतीची. म्हणजे मी सरळसरळ देवाच्या कोठीघरात शिरले होते. त्यातून थंडीत जास्वंद आखडते. कळी दिवसचे दिवस नुसती तोंड मिटून बसते आणि मग उपकार केल्यासारखं एखादं फूल देते. त्या एका फुलावर घरात दोघींचा डोळा.

"काय चाललंय?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"फोटो, आई. पाचच मिनिटं."

"मी फूल न्यायला आलेय."

"न्या ना. एवढा एक होऊ दे."

"म्हणजे तुझं बघून झाल्यावर देवाने बघायचं? उष्टं झालं ते."

"अहो आई, कॅमेऱ्याने फूल उष्टं होतं का कधी?"

"अर्धा तास त्याच्या तोंडाला तोंड लावून बसलीयस. आणखी काय व्हायचं राहिलं?"

"मग तोडताना तुम्हीपण बघताच की त्याच्याकडे!"

"मी कुठे बघते? मी नुसती तोडते."

असं म्हणून त्यांनी माझ्या नाकासमोरून हात घातला, चाचपत देठाशी नेला, फूल खुडलं आणि गेल्या. दुर्वेला धक्का लागला. थेंब गेला. मी तशीच पडून राहिले, कारण उठून करणार काय होते?

सासूबाई ऐंशी ओलांडलेल्या. लग्न होऊन सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या, तेव्हापासून दिल्लीतच. भाजीवाल्याशी हिंदीत भांडतात, पण भांडण रंगलं की मराठीवर येतात, आणि गंमत म्हणजे भाजीवाल्याला ते बरोबर कळतं. माझ्याशी त्यांचं तीस वर्षं एकच नातं आहे, खटके उडण्याचं. त्यांनी टोमणा मारला नाही तर मला दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही. मीही काही गरीब गाय नाही. त्यामुळे फूल गेलं त्या दिवशीच मी ठरवलं की याचं उत्तर द्यायचं.

दिवाळीच्या सामानाच्या खोक्यात एक तोरण होतं, कापडी फुलांचं. त्यातली एक लाल जास्वंद मी कापून काढली. चार दिवसांनी झाडावर खरी कळी उमलणार असं दिसलं, तेव्हा ती फांदी मी मागे वळवून तुळशीआड बांधली आणि पुढच्या फांदीला, अगदी हाताशी, ते कापडी फूल दोऱ्याने अडकवलं. बेत असा की सासूबाई हात लावतील, चिडतील, मला चार शब्द सुनावतील, आणि तेवढ्यात माझा फोटो होऊन जाईल. शिवाय चिडल्यावर त्या फार छान बोलतात.

सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत टपून बसले. सासूबाई परडी घेऊन आल्या. फांदीशी गेल्या. हात लावला. आणि एक क्षण थांबल्या. मी ओठ दाबून धरले, आता स्फोट होणार म्हणून. तर त्यांनी तो दोरा नखाने तोडला, फूल परडीत ठेवलं, दुर्वा खुडल्या आणि आत येऊन खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आज जास्वंद काय टपोरी आलीय गं!"

मी मोरीत जाऊन तोंडात पदर, म्हणजे ओढणी, कोंबून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पूजा झाल्यावर देव्हाऱ्याशी गेले तर गणपतीच्या डोक्यावर ते कापडी फूल, गंध-अक्षता वाहिलेलं, पाकळीच्या कडेला डिंकाचा पिवळा डाग तसाच. आणि तिथे उभ्या उभ्या माझं हसू विरलं. कारण सासूबाईंची बोटं मला माहीत आहेत. तांदूळ जुने की नवे ते त्या चिमटीत घेऊन सांगतात. साडीत सुताबरोबर दुसरं काही मिसळलंय का ते दुकानदाराच्या आधी त्यांना कळतं. त्या बोटांना कापड कळलं नसेल? अशक्य. मग बाई बोलल्या का नाहीत?

त्या दिवशी संध्याकाळी मी एक आगाऊपणा केला. माझे फोटो मी कधीकधी टीव्हीवर लावून दाखवते. सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, बघा, जास्वंदीचा फोटो कसा आलाय." आणि लावला चिरंजीवांचा. म्हणजे त्यांच्या. रविवारी दुपारी तोंड उघडं टाकून, लाल टी-शर्ट घालून, गादीवर आडवातिडवा पसरलेला माझा नवरा. पन्नास इंची पडद्यावर.

सासूबाईंनी मान थोडी तिरकी केली. "वा," म्हणाल्या. "रंग काय खुललाय."

मला हसू आलं नाही. 

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. पेपर त्या हल्ली "नंतर वाचते" म्हणून उशीखाली ठेवत होत्या. सोसायटीच्या बागेत चालायला जाणं बंद केलं होतं, "त्या बायका फार बोलतात" म्हणून. जिना नसलेल्या घरातही भिंतीला हात लावून चालत होत्या. आम्हाला वाटलं, वय झालं. त्यांना दिसत नव्हतं, आणि ते त्या इतक्या शिताफीने लपवत होत्या की एखाद्या गुप्तहेराने शिकवणी लावावी.

आता इथे माझ्या नवऱ्याची ओळख करून देणं भाग आहे. तो केंद्र सरकारात आहे. स्वभावाने चांगला, पण कुठलाही प्रश्न बंदी घालून सोडवायचा ही त्याची पद्धत. मागे एकदा आईच्या पदराला निरांजनाची जरा धग लागली, तर संध्याकाळपर्यंत देव्हाऱ्यात विजेची समई आली आणि काड्यापेटी वरच्या फळीवर गेली. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत, तेव्हा काड्यापेटी खाली आली. त्याला हे डोळ्यांचं कळलं असतं तर त्याने आईला आरामखुर्चीत बसवून चारही बाजूंनी उशा लावल्या असत्या. प्रेमानेच लावल्या असत्या, पण त्यातून त्या बाहेर कधी आल्या नसत्या.

म्हणून मी त्याला सांगितलं नाही. उलट नकळत सासूबाईंच्या टोळीत सामील झाले. एकदा त्यांनी साखरेऐवजी मीठ घालून चहा केला. नवऱ्याने पहिला घोट घेतला आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हे काय आहे?"

"सॉरी यार, मी केलाय," मी म्हटलं. "डबे बदलले."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे माझ्या आवाजाकडे.  आपला कप उचलला आणि तो खारट चहा शेवटपर्यंत प्यायल्या. मग मलाही प्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी दाट धुकं होतं. समोरचा टॉवर दिसत नव्हता. मी गवतात माझ्या पोत्यावर पडले होते, तर सासूबाई प्लास्टिकचं स्टूल ओढत आल्या आणि शेजारी बसल्या. 

"ते फूल कापडाचं होतं," त्या म्हणाल्या.

मी कॅमेऱ्यातून डोळा काढला. "तुम्हाला कळलं होतं?"

"बोटं आहेत मला."

"मग देवाला का वाहिलंत?"

"मग काय करू? तू खिडकीत टपून बसलेली. बांगड्या वाजत होत्या तुझ्या. मी ओरडले असते, तर तुला कळलं असतं की हात लागेपर्यंत मला दिसलं नाही. देवाची माफी मागितली मी. तुझ्या वतीनेसुद्धा मागितली, तुझं काही आभाराबिभाराचं असेल तर राहू दे."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी म्हटलं, "आई, मोतीबिंदू असणार. हल्ली काही वाटत नाही त्याचं. गेलं की तासाभरात बाहेर."

"माझ्या थोरल्या बहिणीला असंच सांगितलं होतं. शिबिरात नेलं, डोळा उघडला, पू झाला, डोळा गेला. पुढे वीस वर्षं एका डोळ्याने काढली तिने. मला आता निदान धुरकट दिसतंय. उजेड कळतो. माणूस आलं-गेलं कळतं. तेही गेलं तर?"

"ते दिवस वेगळे होते, आई."

"डोळे तेच आहेत." त्या थांबल्या. मग भराभर बोलल्या. "आणि त्याला सांगशील तर बघ. तो मला खुर्चीत बसवेल. वात लावू नको, भाजी चिरू नको, अंगणात जाऊ नको. मग दिवसभर मी करायचं काय? मरायची वाट बघायची?"

  मी पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. जास्वंद त्या दिवशी उमललेली होती, आणि थेंबात इतकी सुरेख उतरली होती की मला राहवेना. मी कॅमेऱ्याच्या मागचा पडदा उघडून त्यांच्याकडे वळवला, चित्र जितकं मोठं होईल तितकं मोठं केलं.

"बघा तरी मी काय करत असते ते."

त्यांनी पडदा डोळ्याशी धरला. मग लांब नेला. मग तिरका केला. "लाल आहे काहीतरी."

"जास्वंद आहे. थेंबातली. उलटी दिसतेय."

"असेल. तू म्हणतेस म्हणजे असेल."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं म्हणणं न भांडता मान्य केलं, आणि मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. मला त्यांनी भांडायला हवं होतं. "उलटी कशी? तुझा कॅमेरा उलटा असेल" असं काहीतरी म्हणायला हवं होतं. त्या नुसत्या तो लाल डाग धरून बसल्या होत्या.

"ऑपरेशन झाल्यावर दिसेल का गं मला हे?" त्यांनी विचारलं.

"दिसेल."

"तुला काय माहीत? डॉक्टर आहेस?"

"नाही. पण दिसेल."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर माझ्या नावाने आयुष्यभर बोटं मोडा. मी ऐकून घेईन."

"ती मी तशीही मोडते," म्हणाल्या. पण त्यांचा आवाज जरा सैल झाला होता. मग उठून त्यांनी अटी घातल्या. मुलाला तारीख ठरल्यावरच सांगायचं, आधी नाही. त्या पडून असतील तेवढे दिवस पूजा मी करायची, रोज, आणि उरकायची नाही. आणि फूल आधी देवाला, हा नियम तसाच राहील. मी सगळ्याला ‘बिल्कुल’ म्हटलं. जास्वंद खुडून त्यांनी आत नेली. ती उष्टी आहे असं त्या दिवशी दोघींपैकी कुणी म्हणालं नाही.

नवऱ्याला सांगितल्यावर तो अपेक्षेप्रमाणे आधी रागावला, मग घाबरला, मग सगळ्या रिपोर्टांच्या तीन-तीन प्रती काढून आला. ऑपरेशनच्या दिवशी आत नेताना सासूबाईंनी माझं मनगट धरलं. बर्फासारखा गार हात. "मला काही झालं तर माझी लोखंडी कढई मोलकरणीला देऊ नकोस," एवढंच म्हणाल्या. दार बंद झालं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. मी त्यांना इथवर आणलं होतं. मी म्हटलं होतं, दिसेल. खरंच काही वाकडं झालं असतं, तर त्यांचं ते धुरकट जगसुद्धा माझ्या शब्दापायी गेलं असतं. एरवी देवाला फूल मिळू नये म्हणून कारस्थानं करणारी मी, त्या बाकावर बसून त्याच गणपतीला हात जोडत होते. तोंडही दाखवायला जागा नव्हती खरं तर, पण जोडले.

ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले. कितपत दिसायला लागेल ते हळूहळू कळेल, असंही म्हणाले. पट्टी काढायला नवरा घेऊन गेला, कारण मला त्या दिवशी ऑफिसात जावंच लागलं. संध्याकाळी आले तर सासूबाई काळा चष्मा लावून, पडदे ओढलेल्या खोलीत पडलेल्या. "कसं आहे?" म्हटलं तर म्हणाल्या, "पाणी येतंय. काही विचारू नकोस." मी विचारलं नाही. भीतीच वाटत होती विचारायची.

मग वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, धूळ नाही, चष्मा काढायचा नाही. आणि त्या अंधाऱ्या खोलीतून माझ्या पूजेवर देखरेख सुरू झाली, नुसत्या कानांनी. "घंटा वाजली नाही." "पाणी फार घातलंस, ताम्हन भरलं, मला आवाज आला." "इतक्यात संपली आरती?" मी म्हटलं, "आई, तुम्ही आराम करा ना." तर म्हणाल्या, "आरामच करतेय, म्हणून तर ऐकू येतंय."

पण माझं लक्ष बाहेर होतं. फेब्रुवारी अर्धा सरत आला होता. ऊन लवकर चढायला लागलं होतं. दव रोज थोडं कमी पडत होतं, आठ वाजेपर्यंत पाती कोरडी. आमच्याकडे होळीच्या आधीच दव संपतं, मग पुढच्या थंडीपर्यंत वाट बघायची, आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसाला पुढच्या थंडीचं आश्वासन कुठल्या तोंडाने द्यायचं? बाटलीने थेंब पाडावेत असं त्या दिवसांत माझ्या मनात आलं. बाटली धुऊनही ठेवली. पण ‘दिसेल’ म्हणून कबूल केलं होतं ते खऱ्या दवातलं, आणि त्यांच्या बोटांना एकदा फसवायला जाऊन मी पोळले होते.

अखेर डॉक्टरांनी सकाळच्या वेळी चष्मा काढायला परवानगी दिली. त्यांना वाकायचं नव्हतं, म्हणून मी दुर्वांचा एक चौकोन मातीसकट कुंडीत काढला, कुंडी उघड्यावर ठेवली आणि सकाळी अलगद उचलून कुंपणाच्या कठड्यावर आणली. मागे जास्वंदीची फांदी ओढून बांधली. फूल एकच होतं. थेंबही मोजकेच होते, पण होते. मी माकडटोपी आणि मफलर काढून फेकले, कारण ते सारखे कॅमेऱ्यापुढे येत होते आणि धावपळीने मला घाम फुटला होता.

सासूबाई आल्या. स्टुलावर बसल्या. सावकाश काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. आधी आकाशाकडे बघितलं, डोळे बारीक करून. मग कुंडीकडे.

"कुठला थेंब?"

"मधलं पातं. थांबा, यात बघा." मी पडदा त्यांच्यापुढे वळवला.

त्यांनी मान तिरकी केली नाही. लांबही धरला नाही. नुसत्या बघत राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"अगं," त्या म्हणाल्या, "हे उलटं आहे की!"

"हो, आई."

"देठ वर आणि तोंड खाली. आणि मधला तो तुरा, त्याचे दाणे दिसतायत. एकेक दाणा दिसतोय." मग कपाळाला आठी पडली. "हा काळा ठिपका कसला? पुसून घ्यायचंस ना."

मी हसायला लागले. भांडल्या! मला नाचावंसं वाटलं. "थेंबातला कसा पुसणार, आई, हवेतला आहे," म्हटलं. त्यावर काहीतरी खोचक बोलायला त्या माझ्याकडे वळल्या, तोंड उघडलं, आणि तशाच थांबल्या.

माझ्या केसांकडे बघत होत्या. मग कपाळ, मग डोळ्यांखाली, मग हनुवटी. फूल बघितलं त्याहून सावकाश.

"तू म्हातारी झालीस," म्हणाल्या.

तीन-चार वर्षांपूर्वी मी केसांना रंग लावायचं सोडून दिलं होतं. तेव्हा सासूबाई काय काय बोलतील याची मी उत्तरं तयार ठेवली होती, चांगली झणझणीत. त्या एका अक्षराने बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं, बाई वयोमानाने सुधारल्या. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगितलंही होतं, माझ्या सासूबाई बदलल्या म्हणून.

"कधी झालं हे सगळं?" त्यांनी विचारलं.

"झालं हळूहळू."

"मला कुणी सांगितलंसुद्धा नाही." त्यांचा आवाज कापरा झाला. "मी आपली त्याच बाईशी भांडत होते. काळ्या केसांच्या."

"आई, रडायचं नाही हं. डोळ्यात औषध आहे."

"मी कुठे रडतेय? तूच रडतेयस."

खरंच होतं ते. मी ओढणीने तोंड पुसलं. सासूबाईंनी हात पुढे केला आणि माझ्या कानामागची एक बट बोटांत घेऊन बघितली.

"इकडे उन्हात ये जरा," म्हणाल्या. "नीट बघू दे."

मी कॅमेरा कठड्यावर ठेवला आणि गेले.